जुना घाट मोडीत काढू नका

अलिबागहून कशेडी घाटापर्यंत सायकलने गेलो, असं सांगितलं की समोरचा आधी माझ्या पांढऱ्या केसांकडे बघतो आणि मग विचारतो, "हायवेने? जिवावर उदार झालायस का?" गेल्या महिनाभरात हा प्रश्न किमान दहा जणांनी विचारला असेल.

विचारणाऱ्यांचं काही चुकत नाही. पण आपल्याच जिल्ह्यातल्या, आपल्याच पैशाने बांधलेल्या रस्त्यावरून सायकल नेणं म्हणजे जिवावर उदार होणं, हे आपण किती सहज मान्य करून टाकलंय, एवढंच मला त्यातून दिसलं. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, पण मुंबई-गोवा हायवेवर ज्यांची घरं, शेतं, शाळा आणि कामाची ठिकाणं आहेत त्यांनी शेवटपर्यंत वाचावी.

पराक्रम सांगायला लिहीत नाही. एका दिवसात दोनशे-तीनशे किलोमीटर मारणारी पोरं आपल्या रायगडात आहेत, त्यांच्यापुढे माझी १४० किलोमीटर म्हणजे काहीच नाही. मात्र सायकलवरून रस्ता ताशी पंधराच्या वेगाने दिसतो. गाडीच्या काचेतून जो नुसता 'रस्ता खराब आहे' एवढाच दिसतो, तो सायकलवर फुटाफुटाने कळतो.

आधी नकाशा डोळ्यांसमोर आणा. आपल्या नद्या सह्याद्रीतून निघून पश्चिमेला खाडीकडे जातात. हायवे मात्र उत्तरेकडून दक्षिणेकडे. म्हणजे तो प्रत्येक नदी आडवा ओलांडतो. नागोठण्याला अंबा, कोलाडला कुंडलिका, माणगावला काळ, महाडला गांधारी आणि पुढे सावित्री. दोन नद्यांच्या मध्ये डोंगराची सोंड असते, ती ओलांडायला कुठे खिंड तर कुठे नुसता चढ. गाडीत बसून हे कळत नाही, ड्रायव्हरने गिअर बदलला की संपलं. पायांना मात्र दिवसभर एकच गोष्ट कळत राहते : उतार, पूल, चढ. पुन्हा उतार, पूल, चढ. आणि या रस्त्यावर सायकलवाल्याचा जीव सगळ्यात जास्त धोक्यात असतो तो चढावर. का, ते पुढे सांगतो.

डिसेंबरातल्या एका शनिवारी पहाटे पाचला निघालो. कार्लेखिंड अंधारातच चढलो. शनिवारी सकाळी मुंबईची सगळी गर्दी अलिबागकडे येत असते, त्यामुळे मी उलट दिशेने जात होतो तरी समोरून दिव्यांची माळच्या माळ. प्रखर दिवा डोळ्यांवर आला की आपल्या पुढचा खड्डा दिसत नाही. अशा वेळी रस्त्याच्या कडेची पांढरी पट्टी धरून जायचं असतं. जिथे पट्टी पुसलेली, तिथे देवाचं नाव. पोयनाड मागे पडलं, धरमतरचा पूल ओलांडला तेव्हा खाडीवर जरा उजाडायला लागलं होतं. वडखळला हायवेला लागलो आणि तिथून ट्रेलर, कंटेनर, टँकर, खासगी बस असा सगळा संसार सोबतीला आला.

काँक्रीटचा रस्ता सायकलला चांगला की वाईट? मधोमध उत्तम. प्रश्न कडेचा आहे. काँक्रीटची कडा संपते आणि बाजूची साइडपट्टी चार-सहा बोटं खाली असते. कुठे मातीच भरलेली नाही, कुठे खडी सुटी पडलेली. मागून ट्रकचा हॉर्न वाजला की माणूस सहज खाली उतरायला जातो, आणि त्या पायरीवरून चाक घसरलं तर तो पडतो तो रस्त्याच्या बाजूला, म्हणजे ट्रककडे. मोटारसायकलवाल्यांनाही हे माहीत आहे. पावसाळ्यात त्या कडेला पाणी साचलं की ती पायरी दिसतच नाही.

नागोठणं सोडल्यावर एक जण काळ्या, जुन्या पद्धतीच्या सायकलवरून माझ्याबरोबर आला. हँडलला डबा, अंगावर कंपनीचा निळा शर्ट, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. माझं हेल्मेट, लाल लुकलुकणारा दिवा, कॅरिअरच्या बॅगा हे सगळं त्याने एकदा नीट बघून घेतलं.

"लांब चाललाव काय काका?"

म्हटलं, पोलादपूर.

"मजा हाय तुमची. तुमी एक दिवस जाताय, आमी रोजचे."

मी विचारलं, भीती नाही वाटत? तो म्हणाला, "वाटून काय करू? रात्रपाळी सुटते तेव्हा मिनीडोर नसते." आणि पुढच्या फाट्याला वळून गेला.

त्याचं ते वाक्य मला दिवसभर पुरलं. आपण सायकलचा विषय काढला की लोकांना वाटतं, हे रविवारचे हौशी, रंगीत कपडे घालून फिरणारे. हायवेवर रोज सायकल चालवणारा मात्र कामगार असतो, शाळेतली पोरगी असते, शेतावर जाणारा म्हातारा असतो. त्यांना कोणी सायकलिस्ट म्हणत नाही, त्यांचा ग्रुप नसतो, त्यांचा फोटो फक्त अपघाताच्या बातमीत येतो.

मग सुकेळी खिंड आली. इथे ऐका, कारण माझा सगळा मुद्दा या चढात आहे.

सपाटीवर मी ताशी अठरा-वीसने जातो. उतारावर तीस-पस्तीस, म्हणजे ट्रकच्या वेगाच्या फार मागे नाही. चढावर तोच मी ताशी सहा-सातवर येतो. आणि इतक्या कमी वेगात सायकल सरळ रेषेत जात नाही. पायडल मारताना एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झुकते. तिला दोन्ही बाजूंना हातभर जागा जास्त लागते. म्हणजे जिथे सायकलला सर्वात जास्त जागा लागते, तिथे आपण तिला सर्वात कमी देतो, कारण डोंगर कापायला पैसे लागतात. सुकेळीच्या चढावर एका ठिकाणी पांढऱ्या पट्टीच्या पलीकडे वीतभर जागा होती आणि मग थेट गटार. त्याच ठिकाणी एक कंटेनर दुसऱ्या कंटेनरला मागे टाकत होता आणि दोघेही माझ्या शेजारी एकाच वेळी आले. आवाज आधी आला. मग वारा. मोठी गाडी जवळून गेली की आधी बाहेर ढकलते आणि ती पुढे गेली की आत ओढते, हे ज्याने अनुभवलंय त्यालाच कळेल. मी सायकलवरून उतरलो नाही, उतरायला जागाच नव्हती. गटाराच्या कठड्याला डावा पाय टेकवून उभा राहिलो. कंटेनरची शेवटची चाकं माझ्या कोपरापासून हातभर अंतरावरून गेली.

ड्रायव्हरला मी शिवी दिली नाही. खरं सांगायचं तर त्यालाही जागा नव्हती. चढावर भरलेली गाडी थांबवली की पुन्हा उचलताना मागे येते, हे त्याचं दुखणं. आम्हा दोघांनाही ज्याने हा रस्ता आखला त्याने समोरासमोर उभं केलं होतं. आपल्याकडे डोंगरी रस्त्यावर जिथे जागा अरुंद असते तिथे चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी, असा नियम जुन्या काळापासून आहे. त्यामागचं तत्त्व साधं आहे : चढणाऱ्याची अडचण मोठी, त्याला सांभाळून घ्या. पण हा विचार रस्त्याची रुंदी ठरवताना कुठे जातो?

खिंडीच्या उतारावर पांढऱ्या जाड पट्ट्यांचे रंबलर आहेत. गाड्यांचा वेग कमी व्हावा म्हणून, आणि ते हवेतच. फक्त ते रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मारलेले असतात. कडेला दीड फूट मोकळं सोडलं तर सायकल आणि मोटारसायकल न हादरता जाईल. याला एक रुपयाचा खर्च नाही, उलट रंग वाचेल.

कोलाडला थांबून मिसळ खाल्ली. कोलाडबद्दल एक गोष्ट नव्या पिढीला माहीत नसते म्हणून सांगतो. कोकण रेल्वेने १९९९ साली इथूनच रो-रो सेवा सुरू केली. भरलेले ट्रक थेट रेल्वेच्या वाघिणीवर चढवायचे आणि गोव्याला वेर्ण्याला उतरवायचे. डिझेल वाचतं, टायर वाचतो, ड्रायव्हर झोपतो आणि घाट मोकळा राहतो. गाडीवर उभ्या ट्रकांची रांग जाताना बघितली की मला फार समाधान वाटतं. रस्ता रुंद करण्याइतकंच लक्ष या गोष्टीकडे दिलं असतं तर, असं मनात येतं.

इंदापूर आणि माणगाव. इथल्या लोकांना काय सांगायचं! बायपास रखडलेत, त्यामुळे सगळा हायवे अजून बाजारपेठेतूनच जातो. शनिवार, त्यात जोडून सुट्टी. इंदापूरच्या अलीकडे गाड्या उभ्या होत्या त्या माणगावच्या पलीकडेपर्यंत. या एका ठिकाणी मात्र सायकल राजा. उभ्या गाड्यांच्या कडेने मी आरामात पुढे निघालो. एका गाडीतल्या लहान मुलाने काच खाली करून टाटा केला, त्याच्या बाबांनी मात्र माझ्याकडे बघणं टाळलं. पनवेल-इंदापूर ८४ किलोमीटरचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं. त्या वर्षी जन्मलेली पोरं आज हायस्कुलात आहेत. उच्च न्यायालयात जनहित याचिका झाल्या, दर गणपतीच्या आधी खड्ड्यांचे दौरे झाले, मुदती झाल्या. तो विषय स्वतंत्र आहे, त्यावर सगळेच लिहितात. मी आज वेगळं सांगतोय.

लोणेऱ्यावरून, दासगावावरून दुपारी महाडला आलो. महाडच्या पुढे सावित्रीच्या पुलावर थांबलो. २ ऑगस्ट २०१६ ची रात्र आपण कोणी विसरलेलो नाही. इंग्रजांच्या काळातला, १९२८ चा दगडी कमानींचा पूल पुरात गेला आणि दोन एसटी बस माणसांसकट गेल्या. काही जणांचे देहसुद्धा घरच्यांना मिळाले नाहीत. नवा पूल वर्षाच्या आत, जून २०१७ मध्ये उभा राहिला. मनात आणलं की काम किती लवकर होतं, हे त्यातून दिसलं. पण मला तिथे उभं राहून दुसरंच वाटत होतं. जुनं बांधकाम वापरात ठेवायचं असेल तर त्याच्याकडे रोज बघणारा माणूस लागतो. जुनं झालं म्हणून दुर्लक्ष आणि वापर मात्र चालू, याच्याइतकं वाईट काही नाही.

आणि नेमकं तेच आता कशेडीच्या जुन्या घाटात होऊ घातलंय.

कशेडीचा बोगदा झाला हे उत्तमच झालं. दोन किलोमीटरच्या आसपासचा बोगदा, २०२३ च्या गणपतीत त्याची एक बाजू हलक्या गाड्यांसाठी उघडली. पाऊण तासाचा घाट काही मिनिटांवर आला. रात्रीबेरात्री पेशंट घेऊन मुंबईला जाणाऱ्या माणसाला विचारा त्याची किंमत. पण त्या बोगद्यात धूर आणि आवाज कोंडलेला असतो, तिथे ताशी दहाने सायकल घालणं मला तरी मान्य नाही. मी पोलादपूर सोडल्यावर जुना घाट धरला.

दिवसभरात पहिल्यांदा मला माझ्याच सायकलच्या साखळीचा आवाज ऐकू आला. दहा-बारा किलोमीटरचा चढ, पण चढ कसा, तर मागून कोणी अंगावर येत नाही म्हटल्यावर पाय आपोआप चालतात. खाली दरीत कौलारू घरं, भात कापून झालेली खाचरं, कुठेतरी वालाच्या शेंगांचा वास. पूर्वी याच घाटात एसटीच्या खिडकीतून मान बाहेर काढून पोरं उलट्या करायची, आणि ट्रकच्या मागे ट्रक मुंगीच्या रांगेसारखे चढायचे. तो घाट आता इतका शांत की रस्त्यावर माकडं बसलेली.

शांत आहे, पण बेवारस होत चाललाय. वळणावर कठड्याचे दगड निखळलेत. आरसे फुटलेत. कडेचं गवत रस्त्यात आलंय आणि पावसाळ्यात वाहून आलेली माती अजून तिथेच. भोगावच्या हद्दीत रस्ता खचतो, ही बातमी पोलादपूरकरांना नवी नाही. पूर्वी खचला की बोंबाबोंब व्हायची, कारण अख्ख्या कोकणाची वाहतूक अडायची. आता खचला तर कोणाचं अडणार? घाटातल्या वाडीवस्तीचं.

वरच्या अंगाला एका टपरीवर चहा घेतला. टपरीवाल्या वहिनी म्हणाल्या, "बोगदा झाला आणि गिऱ्हाईक गेलं. पूर्वी दिवसाला पाच लिटर दूध लागायचं, आता लिटरभर उरतं." मग माझ्या सायकलकडे बघत म्हणाल्या, "तुमच्यासारखे येतात अधूनमधून. पण रस्ता असाच राहिला तर तेपण यायचे बंद होतील, आणि आमची पोरं शाळेत कशी जायची?" सूर्य कलायच्या आत माथ्यावर गेलो आणि अंधार पडायच्या आधी परत पोलादपूरला मुक्कामाला उतरलो.

आता मुद्दा. नवीन बोगदा, नवीन पूल, नवीन बायपास झाला की जुना तुकडा मागे उरतो. कशेडीत उरला, महाडजवळ उरला, उद्या माणगाव-इंदापूरचे बायपास झाले की तिथेही उरेल. हे तुकडे म्हणजे नुसती अडगळ नाही. हायवेवर ज्याला जागा नाही तो सायकलवाला, चालणारा, बैलगाडीवाला, शाळेतली मुलं या सगळ्यांचा तो तयार रस्ता आहे. जमीन संपादन झालेलं, डोंगर कापलेला, पूल बांधलेले. फक्त त्याला मालक हवा.

हे काही अशक्य स्वप्न नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सायकल आणि दुचाकीला बंदी आहे, तरी माणसं पुण्याला सायकलने जातात, कारण जुना हायवे चालू ठेवला गेला. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल ते बाथ या दोन शहरांमधला बंद पडलेला लोहमार्ग १९७९ ते १९८६ या काळात स्वयंसेवकांनी हळूहळू सायकलचा आणि पायी चालायचा रस्ता करून टाकला. तिथे रूळ काढावे लागले होते. आपल्याकडे डांबर आधीच आहे.

तर मागण्या चारच.

एक, जुना कशेडी घाट आणि असा प्रत्येक मागे उरलेला तुकडा कोणाच्या ताब्यात आहे, देखभाल कोण करणार, हे त्या रस्त्याच्या दोन्ही टोकांना फलकावर लिहा, फोन नंबरसकट.

दोन, खिंडीत आणि घाटात जागा कमी असेल तर आहे ती साइडपट्टी चढाच्या बाजूला जास्त द्या. उतरणारी सायकल गाड्यांच्या बरोबरीने जाते, चढणारी जात नाही.

तीन, काँक्रीटच्या कडेची पायरी भरून घ्या आणि रंबलर कडेला दीड फूट सोडून मारा.

चार, जिथे जुना रस्ता समांतर आहे तिथे हायवेवर पाटी लावा की संथ वाहनांनी इकडून जावं. आणि मग तो रस्ता खरोखर जाण्यासारखा ठेवा.

कायद्याचा आधार हवा असेल तर मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८-अ आलंय. रस्त्याची आखणी, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे झाली नाही आणि त्यामुळे माणूस मेला किंवा अपंग झाला, तर जबाबदार यंत्रणेला, ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम छोटी आहे. पण चूक नेहमी मेलेल्या सायकलवाल्याचीच नसते, एवढं तरी कायद्याने मान्य केलंय.

२६ जानेवारीला ग्रामसभा आहे. हायवेकाठच्या आणि घाटातल्या गावांनी यातली एक तरी मागणी ठराव करून पाठवा. ठरावाला नंबर पडतो, त्याला उत्तर मागता येतं. पोस्टला लाइक केल्याने साइडपट्टी भरत नाही. पोलादपूर तालुक्यातल्या मित्रांना विशेष विनंती, भोगाव ते कशेडीपर्यंत कठडा कुठे कुठे तुटलाय त्याचे फोटो जागेच्या नावासह कमेंटमध्ये टाका. मी त्याची यादी करून ठरावासोबत जोडायला देतो.

आणि नागोठण्याच्या बाजूला राहणाऱ्या कोणाला निळ्या शर्टातला तो भाऊ रात्रपाळी करून येताना दिसला, तर त्याच्या सायकलला मागे एक रिफ्लेक्टर लावून द्या. पन्नास रुपयांच्या आत काम होतं.